एल म्हणजे लर्नर

मुतुबंडाला जाऊन आता चार वर्षं होतील. त्याच्याबद्दल लिहून ठेवावं असं हुलंगलमध्ये कुणाला वाटलेलं नाही. मला वाटतं, पण मला लिहिण्याची सवय नाही. सगळी नोकरी टपालखात्यात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवायचं, एवढंच काम. तेव्हा मागचं पुढं होईल. झालं ते मात्र जसं झालं तसंच सांगतो.

आमचं हुलंगल श्रीलंकेत, अगदी घाटमाथ्यावर आहे. नुवारा एलियाकडून येणारा रस्ता चहाच्या मळ्यांतून वर वर येतो, आमच्या दारात जरा दम खातो आणि तिथून गंतोटला खाली कोसळतो. अकरा वळणं, आणि अकराव्या वळणावर नदीचा पूल. माथ्यावर समन देवाचं देऊळ आहे, कपाटाएवढं. त्याच्यापुढची दानपेटी देवळापेक्षा मोठी. खाली उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथं थांबतो, पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो आणि जातो. देवळासमोर माझी टपालकचेरी होती. सव्वीस वर्षं मी खिडकीतून हेच पाहिलं.

मुतुबंडा चहाच्या फॅक्टरीची लॉरी चालवायचा. बुटका माणूस, पाय धनुष्यासारखे बाकदार, विडा खाऊन दात तांबडे झालेले. माथ्यावर आला की तो आधी लॉरी दुसऱ्या गिअरात टाकायचा आणि मग नाणं घेऊन खाली उतरायचा. बाकीचे आधी नाणं टाकायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "देवाला सगळा डोंगर बघायचाय, पोस्टमास्तर. माझा गिअर मीच बघायला हवा." एकतीस वर्षांत त्याची लॉरी एकदाही कठड्याला घासली नाही.

त्याच्यात एक खोड होती. त्याला गोड बोलता यायचं नाही. कुणाचं तान्हं मूल बघायला गेला तर बाकीचे म्हणायचे, कसं चंद्रासारखं आहे. हा म्हणायचा, "याला धाप लागतेय, डॉक्टरला दाखवा." कुणी नवी भिंत बांधली की म्हणायचा, "पाण्याला वाट ठेवली नाहीस, पावसात पडेल." भिंत पडायची. त्या वेळी लोक हसायचे, चिडायचे आणि विसरायचे. पुढं हे सगळं लोकांना एकेक करून आठवलं.

निवृत्त झाल्यावर त्यानं जपानहून आलेली एक जुनी व्हॅन घेतली. ती ऑटोमॅटिक होती. आमच्याकडं तेव्हा अशा गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. क्लच नाही, नुसता एक दांडा, आणि दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं. गाडीबरोबरचं पुस्तक जपानी. म्हणून तो अक्षरं कागदावर उतरवून माझ्या खिडकीशी आला.

"पोस्टमास्तर, तुम्हाला इंग्रजी येतं. ही काय म्हणतात?"

पी, आर, एन, डी मी सांगितले. मग दोनचा आकडा होता आणि शेवटी एल. एलचं मला ठाऊक नव्हतं. पण मागं रांग होती आणि ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "लर्नर असेल. शिकाऊ लोकांसाठी. ते मागं लाल एलची पाटी लावतात ना, तसं."

रांगेत सुजीव होता. तिशीचा, देखणा, केसांना तेल चोपडलेला, व्हॅनच्या थांब्यावरचा सगळ्यांचा लाडका ड्रायव्हर. त्याचीही गाडी तसलीच होती. तो मोठ्यानं म्हणाला, "बघा मामा, जपानी माणसाला कळलं की ही गाडी तुम्ही घेणार! तुमच्यासाठी वेगळा गिअर ठेवलाय त्यानं!"

रांग हसली. मुतुबंडानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. फॅक्टरीमागच्या मोकळ्या उतारावर त्यानं दुपारभर व्हॅन वर-खाली केली होती. "ते लर्नर नाही," तो म्हणाला. "एल टाकला की गाडी उतारावर मागून धरल्यासारखी होते. कमरेच्या सारोंगला धरून कुणी ओढावं तशी. हा लॉरीचा खालचा गिअर आहे, पोस्टमास्तर. नाव बदललंय, एवढंच."

मी म्हणालो, "असेल, असेल." तोवर थांब्यावर सगळ्यांना माझंच म्हणणं ठाऊक झालं होतं. पोस्टमास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर ते खरंच.

मुतुबंडा घाट एलमध्ये उतरायचा. इंजिन घूं घूं करत राहायचं, गाडी बैलगाडीसारखी चालायची, ब्रेक तो नुसता टेकवायचा आणि सोडायचा. सुजीव डीमध्ये उतरायचा, आणि पेट्रोल वाचवायचं असेल तर एनमध्ये, म्हणजे गिअरच काढून, सोडून द्यायचा. सुजीव पंचवीस मिनिटांत गंतोटला, मुतुबंडा पन्नास. शिवाय गाडी कुठं उभी केली की हा दांडा पीवर नेणार, हँडब्रेक ओढणार, पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवणार आणि उतरून चाकाखाली दगड लावणार. लोक गाडीत बसून वाट बघायचे.

"मामा, आता एक दगड माझ्या डोक्याखाली पण द्या, तोवर झोप काढतो," असं कुणीतरी म्हणायचंच.

एकदा सुजीवनं त्याच्या व्हॅनच्या मागं लाल एलची लाकडी पाटी बांधली. मुतुबंडाला कळलंच नाही. दिवसभर तो ती पाटी मिरवत गंतोट, हुलंगल, परत गंतोट करत राहिला. शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची, "लर्नर मामा! लर्नर मामा!" संध्याकाळी त्याला पाटी दिसली. त्यानं ती सोडली आणि टाकून न देता घरी नेली. लाकूड चांगलं होतं म्हणाला. त्याच्याकडं गिऱ्हाईक तसंच कमी होतं, ते त्या दिवसापासून आणखी कमी झालं. शिकाऊ माणसाच्या गाडीत पोराबाळांना कोण बसवील?

त्याची मुलगी इरांगनी. एकच. ती गंतोटला शिवणकामाच्या कारखान्यात जायची, तीही सुजीवच्या व्हॅननं. बापाच्या व्हॅननं गेली तर कारखान्याचा भोंगा चुकायचा, आणि मैत्रिणी चिडवायच्या. तिचं लग्न गंतोटच्याच उपुलशी ठरलं. वीजखात्यात होता. शांत मुलगा, हसला की डोळे मिटायचे.

आमच्याकडं लग्नात सगळं नॅकतावर चालतं. नॅकत म्हणजे मुहूर्त, पण एक नाही. ज्योतिषी प्रत्येक गोष्टीचा मिनिटासकट लिहून देतो. नवरानवरीनं माहेरून तीन वाजून बारा मिनिटांनी निघायचं आणि तीन वाजून एकोणपन्नास मिनिटांनी सासरचा उंबरा ओलांडायचा. मधे सदतीस मिनिटं. मुतुबंडानं तो कागद पाहिला आणि तडक ज्योतिष्याकडं गेला.

"उंबऱ्याचं जरा पुढं ढकला. घाट आहे मधे."

ज्योतिषी म्हणाला, "ग्रहांना गिअर नसतात, बंडा."

हे मला ज्योतिष्यानंच हसत हसत सांगितलं. मीही हसलो होतो.

लग्नाच्या आधी तीन दिवस मुतुबंडा व्हॅन धूत होता. सीटांना पांढरी कापडं शिवून घातली. आरशाला नारळाच्या कोवळ्या पात्यांची तोरणं बांधली. ब्रेकला नवी लायनर बसवली. लग्नाच्या दिवशी सकाळी इरांगनी अंगणात आली. बापाला ती अप्पच्ची म्हणायची आणि सुजीवला अय्या, म्हणजे दादा. मी आधीच जाऊन ओसरीवर बसलो होतो, ते माझ्यासमोरच झालं.

"अप्पच्ची, आम्ही सुजीव अय्याच्या व्हॅननं जातोय. सासरच्यांनी ठरवलंय."

"ही सजवलीय ना."

"सजवलीय हो. पण नॅकत चुकेल. सगळे मला म्हणतील, लर्नरची पोर, उंबऱ्यावर पण उशिरा आली."

"तू म्हणतेस का ते म्हणतील?"

त्यानं आरशावरची दोन तोरणं सोडली आणि सुजीवच्या आरशाला नेऊन बांधली. सुजीव म्हणाला, "मामा, घट्ट बांधा. माझी गाडी वाऱ्यासारखी जाते, तुमच्यासारखी नाही."

तीनला बारा मिनिटं झाली तशी सुजीवची व्हॅन निघाली. आत चौदा माणसं, कॅवुमचे, म्हणजे तळलेल्या गोड वड्यांचे डबे, कपड्यांच्या पेट्या. मागं मुतुबंडाची व्हॅन. तिच्यात तो, त्याची बायको रनमेनिका आणि गावातल्या चार म्हाताऱ्या. मीही त्याच गाडीत जाणार होतो, पण सकाळी कँडीहून नवरानवरीच्या नावाची शुभेच्छांची तार आली होती आणि ती कचेरीतच राहिली होती. म्हणून मी पुढं चालत गेलो, तार घेतली आणि देवळापाशी उभा राहिलो.

सुजीवची व्हॅन थांबली. कुणीतरी उतरून नाणं टाकून आलं. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो आणि आत वाकून तार दिली. उपुलनं ती घेतली, आणि त्याचे डोळे मिटले. तेवढ्यात मुतुबंडा आपल्या गाडीतून उतरून माझ्या मागं आला. उन्हात त्याचा पांढरा सदरा डोळ्यांत भरत होता.

"सुजीव, एल टाक. चौदा माणसं आहेत. एल टाक, नाहीतर पुलापर्यंत पोचणार नाहीस."

पहिलं त्यानं नेहमीच्या आवाजात म्हटलं. शेवटचं मोठ्यानं म्हटलं, कारण आत पोरी गात होत्या. त्यामुळं आतल्यांच्या कानावर शेवटचं तेवढं पडलं. गाणं थांबलं. एक बाई म्हणाली, "शुभकार्याला निघालो आणि हे काय तोंड!"

सुजीव हसला. त्यानं दांड्यावर हात ठेवला. "मामा, एल म्हणजे लर्नर. आणि एन म्हणजे नॅकत!" असं म्हणून त्यानं दांडा एनवर ढकलला आणि ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता आपली आपण घरंगळायला लागली. नेहमीची चेष्टा समजून आत सगळे हसले. इरांगनी हसली. बरं जमलं होतं त्याला, मीही हसलो. दांडा माझ्या नाकासमोर होता, हातभर अंतरावर.

मी मुतुबंडाच्या व्हॅनमध्ये बसलो. त्यानं एल टाकला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या वळणावर वास आला. लायनर तापल्याचा. एकदा घेतला की विसरत नाही माणूस तो वास. मुतुबंडानं काच खाली केली. चौथ्या वळणावर वास दाट झाला. सहाव्यावर रस्त्यावरून निळसर धूर तरंगत होता, पुढं गाडी नव्हती. आठव्या वळणावर खालून आवाज आला. मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायरीवरून पडावा तसा. मग दुसरा, तसाच.

रनमेनिका ओरडायला लागली. "पळव! अरे पळव! पोर आहे माझी खाली!"

मुतुबंडाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. इंजिन घूं घूं करत होतं. त्यानं दांड्याला हात लावला नाही. ती त्याच्या पाठीवर मुठी मारत होती. "डोंगराएवढं काळीज आहे का तुझं? अजून तो एल? अजून?" म्हाताऱ्या तिला ओढत होत्या. मला त्याचा चेहरा आरशात दिसत होता. आरशावर तोरण नव्हतं, म्हणून सगळा दिसत होता. त्या सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, आणि तेही कुणाला उद्देशून नव्हतं. "आपली पण गेली तर त्यांना वर कोण काढील?"

पुलाच्या कठड्याला धडकून सुजीवची व्हॅन नदीकडच्या उतारावर कलंडली होती. उपुल जागच्या जागी गेला होता. त्याची एक मावशी गेली. इरांगनीचा खांदा मोडला होता, साडीवर कॅवुमचं तेल सांडलं होतं. सुजीवचा पाय मोडला. मुतुबंडानं एकेकाला पाठीवर घेऊन वर आणलं आणि आमच्या व्हॅनमध्ये पांढऱ्या कापडांवर निजवलं. मग तसाच एलमध्ये पूल ओलांडून, सपाटी लागल्यावर डी टाकून, त्यांना गंतोटच्या इस्पितळात नेलं. मी उपुलच्या खिशातून तार काढून घेतली. का, ते सांगता येत नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात पोलीस सार्जंट आला. सुजीव स्ट्रेचरवर होता. त्याची आई माझे दोन्ही हात धरून रडत होती. सुजीव म्हणाला, "ब्रेक गेले, साहेब. सगळं नीट होतं. देवळापाशी बंडा मामा म्हणाले, पुलापर्यंत पोचणार नाहीस. सगळ्यांनी ऐकलंय. आणि नाही पोचलो."

चार-पाच जण म्हणाले, हो, ऐकलं. एक म्हातारी म्हणाली, "कटवह." म्हणजे तोंडाचं विष. बोललं की होतं, अशा माणसाचं तोंड. तो शब्द व्हरांड्यातून या टोकाकडून त्या टोकाकडं गेला, आणि माणसं मुतुबंडापासून जरा सरकली. कुणाची तरी भिंत पडली होती, कुणाचं तरी तान्हं मूल दम्यानं आजारी होतं. सगळ्यांना सगळं आठवलं.

सार्जंटनं मला विचारलं, "पोस्टमास्तर, तुम्ही खिडकीशी होतात म्हणे. काय पाहिलं?"

सुजीवची आई माझ्या हातांवर कपाळ टेकून होती. मी म्हणालो, "मी तार दिली. बाकीकडं लक्ष नव्हतं."

त्यानं ते लिहून घेतलं.

इरांगनीला पलीकडच्या खाटेवर ठेवलं होतं. मुतुबंडा तिच्याजवळ गेला. तिनं मान फिरवली.

"तुमच्या तोंडानं मारलंत त्याला."

"मी आधी एल टाक म्हणालो होतो, बाळा. आधी ते म्हणालो."

"ते कुणी ऐकलं?"

मुतुबंडानं व्हरांड्यातल्या माणसांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी बुटांकडं बघत होतो. बुटांवर नदीचा चिखल होता.

दहा-बारा दिवसांनी तो कचेरीत आला. आत कुणी नव्हतं. खिडकीच्या गजांना धरून त्यानं हळू विचारलं, "पोस्टमास्तर, तुम्ही जवळ होतात. दांडा कुठं होता?"

मी म्हणालो, "धुकं होतं ना बंडा."

त्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं. त्यानं गज सोडले आणि तो म्हणाला, "हो. धुकं होतं." पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. मला वाटतं, दांडा कुठं होता ते त्याला ठाऊक होतं. घरंगळणाऱ्या गाडीला आवाज नसतो, हे त्याच्याएवढं कुणाला कळणार? त्याला दुसरं कुणीतरी म्हणायला हवं होतं, एवढंच.

इरांगनीला सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. ती बापाच्या घरीही आली नाही. गंतोटला मावशीकडं राहिली आणि कारखान्यात जायला लागली. रनमेनिका महिन्यातून एकदा तिच्याकडं जायची, बसनं. घरी नवऱ्याला जेवायला वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. तोंडाच्या विषापेक्षा तिला ती तीन वळणं जास्त लागली होती. "पोर खाली पडली होती," ती कुणालाही सांगायची, "आणि हा माणूस एलमध्ये."

गावात तो दिसला की बाया पोरांच्या कपाळावरची काळी तीट नीट आहे ना बघायच्या. त्याच्या व्हॅनमध्ये कुणी बसेना. ती अंगणात उभी राहिली, चाकाखाली दगड लावलेली, आणि पांढऱ्या कापडांवरचे डाग तसेच. दुकानात गेला की दुकानदार त्यानं मागायच्या आधीच वस्तू काढून द्यायचा, म्हणजे त्याला बोलावं लागू नये. मग त्यानं बोलणंच बंद केलं.

एके दिवशी सकाळी मी कचेरी उघडली तर तो देवळापाशी उभा. तोंडावर मफलर गुंडाळलेला, आणि हातात ती लाल एलची लाकडी पाटी. व्हॅन थांबली, ड्रायव्हर नाणं टाकायला उतरला, की तो पाटी वर धरायचा. बोलायचा नाही. बोट दाखवायचा, आधी पाटीकडं, मग दांड्याकडं, मग खाली दरीकडं. परगावचे ड्रायव्हर हसायचे. कुणी विचारायचे, "काय मामा, ड्रायव्हिंग स्कूल काढलंय का?" कुणाला तो भिकारी वाटायचा, ते त्याच्या पायाशी नाणं टाकायचे. ते तो उचलायचा आणि देवाच्या पेटीत टाकायचा. गावचे ड्रायव्हर त्याच्याकडं न बघता नाणं टाकून पळायचे. दरीकडं बोट दाखवणारा तो माणूस त्यांना नको होता.

पाच वर्षं तो तसा उभा राहिला. दांडा एलवर नेणारे मला सगळे मिळून नऊ-दहा दिसले असतील. त्यातला एक सुजीव.

सुजीव वर्षाभरानं लंगडत परतला. खटला झाला नाही. ब्रेक निकामी झाले असं कागदावर आलं. पहिल्याच दिवशी देवळापाशी थांबून त्यानं नाणं टाकलं, गाडीत बसला, इकडंतिकडं पाहिलं आणि दांडा एलवर नेला. मुतुबंडा चार हातांवर पाटी धरून उभा होता. सुजीवनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या दिवसापासून तो घाट एलमध्येच उतरतो, वास आला तर थांबतो, चाकाखाली दगड लावतो. लोक म्हणतात, सुजीवसारखा जपून चालवणारा अख्ख्या घाटात नाही. अपघातानं माणूस शहाणा होतो म्हणतात. शाळेनं त्याला पोरांची ने-आण दिली. पोरं त्याला लर्नर म्हणत नाहीत.

मुतुबंडा जानेवारीत गेला. थंडी, धुकं, छातीत कफ, आणि तरी रोज देवळापाशी. मयतीला फार माणसं आली नाहीत. इरांगनी आली नाही. सातव्या दिवशी भिक्षूंना दान होतं, त्याला ती आली, आईसाठी. पांढऱ्या साडीत, केस अकाली पिकलेले. दान उरकून ती निघाली तेव्हा दुपार होती. मी निवृत्त झालो होतो, पण कचेरीच्या पायरीवर बसायची सवय सुटली नव्हती. खिशात तार होती. हळदीच्या रंगाची झालेली. मी ठरवलं होतं की आज तिला द्यायची आणि सगळं सांगायचं. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

तिला न्यायला सुजीवची व्हॅन आली. तो अधूनमधून तिच्याकडं जायचा, म्हणे, सणाला काहीबाही घेऊन. तोही त्याच दिवशी मोडला होता ना. तिला घेऊन तो देवळापाशी आला आणि नाणं टाकायला उतरला. चाकाखाली लावायला दगड शोधला, मिळाला नाही. मुतुबंडाची पाटी देवळाच्या भिंतीला टेकून होती. त्यानं ती उचलली आणि पायानं चाकाखाली सरकवली.

मी उठून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो. तशाच, त्याच खिडकीशी. सुजीव परत येऊन बसला. मागं दोन नव्या बायका होत्या, त्यांना त्यानं सांगितलं, "घाबरू नका. उतारावर हा एल टाकायचा. मग गाडी इंजिनाच्या जोरावर धरून राहते, ब्रेक तापत नाहीत. हे कुणी शिकवत नाही. माझं मला कळलं."

इरांगनी म्हणाली, "तुम्हाला आधी कळलं असतं तर, अय्या." मग स्वतःच म्हणाली, "पण तेव्हा काही उपयोग नव्हता. बोललं गेलं होतं."

सुजीवनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

"काय, पोस्टमास्तर?" इरांगनीनं विचारलं. "काही हवं होतं?"

तिचा आवाज चांगला होता, आदराचा. गावात माझ्याबद्दल कुणी कधी वाईट बोललेलं नाही. माझा हात खिशात होता आणि कागद बोटांना लागत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "जपून जा."

सुजीव उतरला, चाकाखालची पाटी काढून रस्त्याच्या कडेला टाकली आणि परत बसला. इंजिन घूं घूं करायला लागलं. व्हॅन हळू हळू खाली निघाली. पहिल्या वळणापर्यंत मला ती दिसत होती. मागचे ब्रेकचे लाल दिवे एकदाही लागले नाहीत.